आत डॉली, बाहेर हातोडी

मे महिन्यातल्या एका वळवानं आमच्या गाडीतली एकेचाळीस पुस्तकं भिजवली. अर्धा तास गारांसकट कोसळला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं दार उघडलं, तर खालच्या फळीवरची लहान मुलांची चित्रांची पुस्तकं फुगून एकमेकांना घट्ट चिकटली होती. पानं सोडवताना चित्रांचा रंग बोटांना लागत होता. अंगणात दोऱ्या बांधून एकेक पुस्तक उघडं करून वाळत घातलं. त्यातली नऊ वाचलीच नाहीत.

आमची गाडी म्हणजे फिरतं वाचनालय. पाच जणांनी वर्गणी काढून घेतलेली जुनी मिनीबस, ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या बॉडीची. शनिवार-रविवारी ती कोल्हापूरहून निघते आणि कळे, साळवण करत गगनबावड्याच्या अंगाला असलेल्या वाड्यांवर जाते. आमच्याकडे येण्याआधी ही गाडी प्रचाराची होती. निवडणुकीत कर्णे लावून फिरायची आणि निवडणूक नसेल तेव्हा कुठल्यातरी दुकानाचा फलक अंगावर घेऊन हिंडायची. आम्ही घेतली तेव्हा कर्णे गेले होते, फलक गेले होते, जनरेटर गेला होता. राहिली होती त्यांची भोकं.

पुस्तकं वाळत घातली त्याच दिवशी मी खडू घेतला आणि गाडीभोवती फिरले. दिसेल त्या भोकाभोवती गोल काढत गेले. छतावर चढले, चाकांच्या कमानीत वाकले, दारांच्या खाली हात घालून चाचपलं. एकशे सतरा भरली.

खडूचे गोल पुरे झाले आणि जरा लांब जाऊन पाहिलं, तेव्हा गाडीचं मागचं आयुष्य अंगावर उमटल्यासारखं दिसलं. दोन्ही बाजूंना सरळ रेषेत, वीतभर अंतरानं भोकं: ती फलकाच्या चौकटीची. छतावर चार-चारचे गट: कर्ण्यांचे. मागं डाव्या हाताला पत्रा कापून केलेलं पुस्तकाएवढं भगदाड: जनरेटरचा धूर बाहेर जायला. काही ठिकाणी एकाच जागी तीन भोकं खेटून होती. पहिलं चुकलं, दुसरंही चुकलं, तिसऱ्यात स्क्रू बसला, असं ते काम. ड्रिल मशीन हातात असलं की भोक पाडायला चार सेकंद पुरतात, आणि ज्यानं ती पाडली त्याच्या डोक्यात फक्त उद्याची सभा होती.

मी घाई केली. मृग निघायच्या आत सगळं बुजवायचं म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनच्या सहा नळ्या आणल्या आणि दोन संध्याकाळी खपून ते भगदाड सोडून एकेक भोक भरलं. त्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता. भरून झाल्यावर गाडी धुतली. भरलेल्या भोकांतून पाणी आत आलं नाही. मला फार समाधान वाटलं.

आबा तिसऱ्या दिवशी आले. आबा म्हणजे माझे वडील. एसटीच्या विभागीय कार्यशाळेत तेहतीस वर्षं पत्र्याचं काम करून निवृत्त झालेले. गुडघे दुखतात म्हणून मी त्यांना मुद्दाम बोलावलं नव्हतं. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, काही बोलले नाहीत. मग सायकलच्या चाकातली एक तार मागितली आणि पुढच्या दारापाशी खाली बसून, मी बुजवलेल्या भोकातलं सिलिकॉन तारेनं उकरून काढलं. दाराच्या पोटातून तांब्याभर गढूळ पाणी माझ्या चपलांवर सांडलं.

"ही भोकं गाडी बांधणाऱ्यानं पाडल्यात," ते म्हणाले. "काचंच्या फटीतनं पाणी आत जाणार, हे त्याला ठावं हुतं. म्हणून त्येला भाईर पडायला वाट ठिवलीया. ती तू बंद केलीस."

दाराच्या खालच्या कडेला, खिडक्यांच्या पन्हाळीत, पायरीच्या पट्टीत अशी आठ भोकं होती. मी ती सगळी भरली होती. आणखी दोन पावसाळे तशीच राहिली असती तर दाराच्या आतली लोखंडी चौकट कुजली असती आणि कारण आम्हाला शोधूनही सापडलं नसतं. आबांनी पिवळा खडू मागवला. जी ठेवायची त्यांना पिवळा गोल: आठ पाण्याची, चार वायरींची आणि हवेची, दोन मागच्या दिव्याची. एकशे सतरातून चौदा गेली, राहिली एकशे तीन. प्रत्येक भोकापाशी थांबून ते हेच विचारत होते, हे कुणी पाडलं आणि कशासाठी. उत्तर मिळाल्याशिवाय पुढं सरकत नव्हते. एक अख्खी सकाळ त्यात गेली आणि ती वाया गेली असं मला आज अजिबात वाटत नाही.

सिलिकॉन सगळंच काढावं लागलं. ज्याला आंबूस वास येतो त्या सिलिकॉनमधून वाळताना ॲसिटिक ॲसिड सुटतं, ते धातूला चांगलं नाही. शिवाय सिलिकॉनचा नुसता हात लागला असेल तिथंही पुढं रंग धरत नाही. गाड्यांसाठी पॉलियुरेथेनचं सीलंट मिळतं, ते वेगळं. ते नंतर ठिगळाच्या खाली वापरलं. पण आबांच्या लेखी सीलंट हा मदतनीस आहे. भोक धातूनंच बंद व्हायला हवं.

आमच्या आजीच्या घरी ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम कुणी म्हणत नसे. जर्मनचं पातेलं, जर्मनची परात, जर्मनचा डबा. तांब्या-पितळेच्या भांड्याला भोक पडलं तर डाख देणारा यायचा. कथील वितळवून, नवसागर टाकून डाख दिला की भांडं पुन्हा पाणी धरायचं. जर्मनचं भांडं मात्र तो हातात घेऊन परत द्यायचा. आजी म्हणायची, जर्मनला डाख धरत नाही. फुटक्या जर्मनला मग जाड तारेचा तुकडा भोकात घालून दोन्हीकडून ठोकून चपटा करायचे. आजीच्या दुधाच्या पातेल्याला तळाशी असा एक तिळाएवढा उंचवटा होता. दूध ओतून झालं की माझं बोट हमखास तिथं जायचं.

डाख का धरत नाही, याचं कारण पुढं कळलं. ॲल्युमिनियम उघड्या हवेत आलं की क्षणात त्याच्यावर ऑक्साइडची पातळ साय धरते. घासून काढा, ती पुन्हा धरते. ही सायच त्याला गंजण्यापासून वाचवते आणि हीच साय डाखाला आत शिरू देत नाही. वेल्डिंगलाही तीच आडवी येते. खालचा धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो आणि वरची साय दोन हजारांच्याही पुढं टिकून राहते. त्यात लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं, हे सांगत नाही. आत्ता पत्रा होता आणि आत्ता तिथं भगदाड, असं होतं. जुने कारागीर पत्र्यावर अंगाचा साबण घासून मग गॅसची ज्योत दाखवायचे. साबण काळा पडला की पत्रा मऊ होण्याइतका तापला, आता ज्योत काढायची. शिवाय ॲल्युमिनियम लोखंडाच्या चौपट-पाचपट वेगानं उष्णता पसरवतं. त्यामुळं इथं ज्योत धरली तर हातभर पत्रा फुगून वाकडा होतो. आरगॉन वेल्डिंग करणारे शिवाजी उद्यमनगरात आहेत आणि ते उत्तम करतात. पण रंगवलेल्या, मळलेल्या, आत लाकूड आणि वायरी असलेल्या बसच्या भिंतीवर ते काम नव्हे. तिथं रिबिटच.

पुस्तकात आणि सरकारी कागदात रिवेट, कार्यशाळेत रिबिट. मी दुसराच शब्द ऐकत वाढले.

या कामाच्या दिवसांत मी रात्री बसून वाचायचे, तेव्हा एक जुळणी सापडली. लँड रोव्हर ही गाडी पहिल्यांदा लोकांपुढं आली ती ३० एप्रिल १९४८ रोजी, ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात. महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती. विमानांच्या कारखान्यांत वापरलं जाणारं ॲल्युमिनियम मात्र मिळत होतं. म्हणून रोव्हर कंपनीचे अभियंते मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या माणसांनी खालचा सांगाडा पोलादाचा ठेवला आणि वरचा पत्रा बर्माब्राइटचा केला. बर्माब्राइट म्हणजे मॅग्नेशियम मिसळलेलं ॲल्युमिनियम. टंचाईतली ती तडजोड, पण पुढं तीच त्या गाडीची ओळख झाली. त्या जुन्या गाड्या आज ज्यांच्याकडे आहेत तेही आमच्यासारखेच खडू घेऊन फिरत असणार: आधीच्या मालकाचा आरसा, त्याच्या आधीच्याची वायरलेसची काठी, त्याच्याही आधीच्याचा पेट्रोलचा डबा, प्रत्येकानं आपापली भोकं मागं ठेवलेली. आणि ॲमस्टरडॅमनंतर महिन्याभरानं, १ जून १९४८ ला, पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली. ती लाकडी बॉडीची बेडफर्ड होती. ॲल्युमिनियमचा पत्रा एसटीत नंतर आला आणि मग इतका रुजला की दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या त्याच बांधणीच्या गाड्या बाहेर पडल्या. खेड्यातल्या माणसानं लाल डब्याच्या ज्या पत्र्यावर थाप मारून "चला" म्हटलं, तो पत्रा जर्मनचाच होता. हे आबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग लँड रोव्हरवाल्यांनी आमच्याकडं पाठवायच्या हुत्या."

आता ती एकशे तीन.

त्यातली एकाहत्तर बारीक होती. सेल्फ स्क्रूची, चार मिलिमीटरच्या आसपास. मला वाटलं, यांत काय करायचं, रिबिट घातलं की झालं. पण लोखंडी स्क्रू आणि ॲल्युमिनियमचा पत्रा एकमेकांना लागून ओले राहिले की पत्रा झिजतो. दोन वेगळे धातू आणि मधे पाणी, म्हणजे ती एक बारीकशी बॅटरीच होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. प्रत्येक भोकाच्या कडेला पांढरी भुकटी धरली होती. ही गाडी मधली काही वर्षं कोकणात होती, तिथल्या खाऱ्या हवेनं झीज आणखी वाढवलेली. काही भोकं गोल राहिलीच नव्हती, दातेरी झाली होती. त्यामुळं आधी भुकटी खरवडायची, स्क्रूनं वर उचललेली कड आतून डॉली, म्हणजे पोलादाचा ठोकळा, धरून बसवायची, आणि मग भोक मुद्दाम थोडं मोठं करायचं. चांगला, चकचकीत, गोल धातू लागेपर्यंत ड्रिलचा बिट फिरवायचा. बुजवायचं भोक आधी मोठं करताना माझा हात पहिल्या दिवशी अडखळला. आबांचं म्हणणं, आजारी कडेवर रिबिट बसवलं तर ते कडेसकट निखळतं.

सव्वीस भोकं मोठी होती, बोल्टची. त्यांना ठिगळ. या ठिगळाचा हिशोब मी आता झोपेतही सांगेन. चार मिलिमीटरचं रिबिट असेल तर ते कुठल्याही कडेपासून किमान त्याच्या दुप्पट, म्हणजे आठ मिलिमीटर आत हवं. भोकाच्या कडेपासूनही आणि ठिगळाच्या कडेपासूनही. म्हणजे दहा मिलिमीटरच्या भोकाला कमीत कमी बेचाळीस मिलिमीटरची चकती लागते. आम्ही पन्नासची केली. चकती गोल, आणि पट्टी असेल तर कोपरे गोल. टोकदार कोपरा आधी उचलतो, त्याच्यात पाणी शिरतं, धुण्याचं फडकं अडकतं, मुलाचा हात कापतो. पत्रा मूळ पत्र्याच्याच जाडीचा, अठरा गेज, म्हणजे सव्वा मिलिमीटरला किंचित कमी. मी जाड पत्रा सुचवला होता, एकदाच काय ते मजबूत होऊ दे म्हणून. त्यावर आई आतून म्हणाली, "जुन्या लुगड्याला नव्या मांजरपाटाचं ठिगळ लावून बघ. लुगडं ठिगळाच्या कडेनं फाटतं." आबांनी मान हलवली. पत्रा धावत्या गाडीत सारखा थोडा थोडा लवत असतो. मधेच एक जागा ताठ केली की ते सगळं लवणं त्या जागेच्या कडेवर येऊन साठतं.

पाच भोकांना चिरा गेल्या होत्या. ही पाच मला सगळ्यात जास्त शिकवून गेली.

चीर डोळ्याला दिसते तिथं संपत नाही. आबांनी चिंधी रॉकेलमध्ये बुडवून चिरेवर घासली, थोडा वेळ थांबले, वरून कोरडं पुसून घेतलं आणि खडूची भुकटी चोळली. पाच मिनिटांनी भुकटीवर ओली रेघ उमटू लागली. चिरेत शिरलेलं रॉकेल वर येत होतं. मला दिसलेली चीर बोटाच्या एका पेराएवढी होती, ती रेघ दीड पेरं गेली. तिच्या अगदी टोकाला त्यांनी सेंटर पंच ठोकला आणि तीन मिलिमीटरचं भोक पाडलं.

मी बघत राहिले. भोकं बुजवायला बसलेला माणूस नवं भोक पाडत होता.

चिरेचं टोक सुईसारखं असतं. सगळा ताण त्या टोकावर येतो आणि चीर पुढं सरकते. तिथं गोल भोक पाडलं की टोक उरत नाही, ताण गोलाईभर वाटला जातो. पोलादाला ताणाची एक हद्द असते, तिच्या आत राहिलात तर कितीही वेळा वाकवा, ते सोसतं. ॲल्युमिनियमला तशी हद्द नाही. ताण कमी असला तरी प्रत्येक हिसका कुठंतरी जमा होतो. हे जगाला कळलं ते फार मोठ्या किमतीवर. कॉमेट हे जेट इंजिनाचं पहिलं प्रवासी विमान. २ मे १९५३ रोजी एक कॉमेट कलकत्त्याहून निघाल्यावर वादळात तुटलं. पण त्या वेळी दोष वादळाकडं गेला. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये आणखी दोन विमानं इटलीजवळच्या समुद्रावर हवेतच फुटली. तेव्हा ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या विमान-संशोधकांनी एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्या पोटात उड्डाणात असतो तेवढा दाब पुन्हा पुन्हा भरला आणि सोडला. सुमारे तीन हजार फेऱ्यांइतका दाब सोसून ते टाकीत फाटलं. समुद्रातून काढलेल्या पत्र्यावर चिरेचा उगम सापडला: छतावरच्या चौकटीच्या कोपऱ्याजवळ, एका बारीक भोकाच्या कडेला. एवढं वाचून मी गाडीकडं गेले आणि आमच्या पाच चिरांच्या टोकांची पाच भोकं बोटानं चाचपून पाहिली. आमची गाडी ताशी चाळीसच्या वर जात नाही, तरी हिसके तिलाही बसतात. त्यातल्या मुलांना ती सुखरूप वाटते, हे माझ्यावरचं ओझं आहे.

जनरेटरच्या भगदाडाचं काम शेवटी ठेवलं. वेडंवाकडं कापलेलं तोंड आधी गुण्या लावून सरळ चौकोनी केलं, कोपरे गोल ठेवून. आतून मोठी पट्टी, आणि बाहेर भगदाडाच्या मापाचाच तुकडा, म्हणजे पत्रा सपाट राहिला. तो तुकडा कानशीनं घासून बसवण्यात दीड दिवस गेला. बाकी त्यात सांगण्यासारखं काही नाही, नुसती चिकाटी.

सांगण्यासारखं आहे ते रिबिट ठोकणं. पॉप रिबिटं बाजारात मिळतात, बंदुकीसारख्या पक्कडीनं एकट्या माणसाला बाहेरून मारता येतात, आणि जिथं आतून हात पोहोचत नव्हता तिथं आम्हीही तीच वापरली, तीही बंद तोंडाची, पाणी न जाणारी. पण जिथं पोहोचत होता तिथं आबांनी भरीव रिबिटं मागवली. भरीव रिबिटाला दोन माणसं लागतात. एक बाहेर हातोडी घेऊन, एक आत डॉली धरून. डॉली म्हणजे मुठीत मावणारा, एका बाजूनं गुळगुळीत घासलेला पोलादाचा ठोकळा, दीडेक किलोचा. आबांची डॉली त्यांची स्वतःची आहे. अंगठा बसतो तिथं तिला झिजून खळगा पडला आहे. माझा अंगठा त्या खळग्यात बसत नाही, थोडा इकडं राहतो.

आत मी. मे महिन्याची दुपार, पत्रा हात ठेववत नाही इतका तापलेला, पुस्तकांच्या फळ्या काढून ठेवलेल्या. आत दिवा लावायची गरज नव्हती, कारण भोकाभोकांतून ऊन येत होतं. भोक दातेरी असो की लांबट, समोरच्या भिंतीवर पडणारा ठिपका मात्र गोलच असायचा. तो सूर्याचा गोल असतो. उन्हाळ्याच्या फेऱ्यांत वाड्यांवरची मुलं हे ठिपके तळहातावर झेलत बसायची, हे मला तेव्हा आठवलं आणि क्षणभर वाईट वाटलं. आबा बाहेरून सीलंट लावलेली चकती ठेवत, ठिपका विझे. मग चकतीतून रिबिटाचं शेपूट आत यायचं. रिबिटाच्या जाडीच्या दीडपट बाहेर दिसलं पाहिजे, म्हणजे सहा मिलिमीटर. जास्त असेल तर ते आडवं पडतं, कमी असेल तर डोकं धरत नाही. मी त्याच्यावर डॉली टेकवायची, सगळा भार खांद्यानं द्यायचा, आणि बाहेरून ठोका.

पहिला ठोका मनगटातून कोपरापर्यंत जातो. डॉली उडाली तर रिबिट वाकतं. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला आवाज बदलतो. आधी सुटा, किणकिणता असतो, मग भरीव होतो. तो बदलला की शेपूट पसरून बसलेलं असतं आणि मधला दांडा फुगून भोकभर झालेला असतो. आबा आवाजावरच थांबायचे. आमच्यात बोलायला पत्रा आडवा, म्हणून खुणा ठरल्या: आतून डॉलीनं एक टक म्हणजे थांबा, दोन म्हणजे बसलं, पुढचं घ्या, तीन म्हणजे बिघडलं. बिघडलेलं रिबिट डोक्यावर बिट लावून काढायचं आणि पुन्हा. पहिल्या दिवशी मी तीन टक बरेच वेळा दिले. बाहेरून एकदाही कुरकूर आली नाही, फक्त ड्रिलचा आवाज.

आबांचा हात आता कापतो. चहाची बशी ते दोन्ही हातांनी धरतात. पुढं पुढं ड्रिल मीच धरत होते, कारण एकदा बिट त्यांच्या हातून सरकला. पण हातोडी उचलली की तो कंप कुठं जायचा कोण जाणे. साडेतीन आठवड्यांत एकही ठोका पत्र्यावर पडला नाही.

आमच्या लग्नाआधीच्या घरात रात्रपाळी हा शब्द फार होता. संध्याकाळी ट्रकनं घासलेली गाडी कार्यशाळेत यायची, बगलेचा पत्रा फाटून लोंबत असायचा, आणि सकाळची फेरी रद्द होऊ द्यायची नाही, हे तिथल्या माणसांनी मनाशी धरलेलं असायचं. ठिगळ रात्रीतून बसायचं. सकाळी त्या गाडीत बसलेल्या माणसाला पाठीमागं काय झालं हे कळायचं कारण नव्हतं. एसटीनं २०१८ च्या सुमारास माइल्ड स्टीलच्या बॉडीकडं वळायला सुरुवात केली. अपघातात लोखंडी सांगाडा प्रवाशाला जास्त जपतो, आणि ते योग्यच आहे, आबाही तेच म्हणतात. लोखंडाला वेल्डिंग चालतं. त्यामुळं आत डॉली आणि बाहेर हातोडी अशी जोडी आता कमी लागणार. आबांचा जोडीदार, ज्यानं वीस वर्षं आतून डॉली धरली, तो आता गावी असतो. त्याची बोटं आखडली आहेत. त्या दोघांमध्ये किती टक म्हणजे काय होतं, ते मी विचारलं. आबा म्हणाले, "टक लागायचंच न्हाई."

रंगाच्या वेळी मात्र आमचं दोघांचं एक मत आणि बाकी सगळ्यांचं दुसरं, असं झालं. रंगारी म्हणाला, चकत्यांवर पुट्टी भरून घासून सपाट करतो, ठिगळ दिसणारच नाही. वर्गणीदार मित्रांनाही ते हवं होतं. मी नको म्हटलं. चांगल्या मोटारीच्या दाराला पुट्टी शोभते. पण ही गाडी उन्हात उभी राहते. पत्रा पन्नास अंशांनी तापला तर दोन मीटरमागं तो सव्वादोन मिलिमीटरहून जास्त वाढतो, आतली तेवढीच लोखंडी पट्टी जेमतेम सव्वा मिलिमीटर. रोज दुपारी वाढायचं, रोज रात्री आकसायचं. या ओढाताणीत जाड पुट्टीला तडे जातात आणि त्या तड्यांतून पाणी शिरतं, तेही आत, नजरेआड. रिबिटाची चकती सैल झाली तर दिसते, हाताला लागते, पुन्हा ठोकता येते. मला दिसणारं ठिगळ हवं होतं. वाकळेवरचे टाके कुणी लपवत नाही. धातूला धरून बसणाऱ्या एच प्रायमरचा हात मारला, वर निळा रंग दिला, आणि चकत्या आहेत तशा राहिल्या. उन्हं तिरपी झाली की प्रत्येक रिबिटाची सावली पडते.

मृग सात जूनला निघाला, आमचं शेवटचं रिबिट पाच जूनला बसलं. त्या चकतीच्या आतल्या बाजूला आबांनी सुईनं तारीख कोरली. प्रत्येक ठिगळाला ते हे करतात, कार्यशाळेतही करायचे. रिबिट बसलं की ती तारीख कुणाला दिसत नाही.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही साळवणच्या पुढं होतो. गगनबावड्याचा पाऊस ज्यानं पाहिला आहे त्याला सांगायला नको. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस तिथं पडतो, आणि त्या दिवशी तो छतावर असा वाजत होता की आतली मुलं एकमेकांच्या कानात तोंड घालून वाचत होती. मी सगळ्या चकत्यांवरून आतून हात फिरवला. कोरड्या. छताच्या कोरड्या. जनरेटरची जागा कोरडी. मग मागच्या फळीवर, चरित्रांच्या पुस्तकांच्या वर, एक थेंब पडलेला दिसला. थोड्या वेळानं दुसरा.

पुस्तकं उचलून पुढं ठेवली आणि फोन लावला. रेंज एक दांडी होती. पावसाच्या आवाजात आबांना दोनदा ओरडून सांगावं लागलं.

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या, आबा. मागं. छत आणि भिंत मिळते तिथं."

"कोपऱ्यापासनं कितवं रिबिट?"

मी फोन खांद्यावर धरला, फळीवर चढले आणि कोपऱ्यापासून बोटानं मोजायला लागले.